कूलरच्या टाकीतले आलू

आत्यानं कूलरच्या टाकीत लावलेले आलू मी सडवले. पाणी घालघालून सडवले. थोडेथोडके नाही, जवळजवळ सगळे, आणि तेही काढायला आले असताना. आमच्या नात्यागोत्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळं मी इथं काही गुपित फोडतो आहे असं कुणी समजू नये. माझ्या लग्नात ती मांडवात सांगितली गेली, जावयाला ती साक्षगंधाच्या दिवशीच कळली, आणि परवा नातीनं शाळेतून आल्या आल्या विचारलं, "आबा, मॅडम म्हणाल्या झाडाला पाणी घातलं की झाड जगतं. मग तुमचीच का मेली?" आजवर ही गोष्ट दुसऱ्यांनीच सांगितली. आता साठी उलटली, सांगणारे एकेक करून कमी होत चालले, तेव्हा म्हटलं आपणच लिहून टाकावी. आपली फजिती दुसऱ्याच्या हाती ठेवली की लोक मीठमसाला कमी घालतात, असा माझा अनुभव आहे.

एक आधीच सांगून ठेवतो. पुस्तकात बटाटा असतो. आमच्याकडे आलूच. बाजारातून आणतो तो आलू, रश्श्यात असतो तो आलू, आणि या प्रकरणात जो सडला तोही आलूच.

नागपूरला सक्करदऱ्यात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मागं आंगण, आंगणात नळ, नळाजवळ मोरी, आणि भिंतीपलीकडे गंगाकाकू. बाबा हिंगण्याला कारखान्यात. पहाटे कंपनीची बस चौकात भोंगा वाजवायची आणि बाबा डबा घेऊन धावत सुटायचे, रोज, जणू बस आज पहिल्यांदाच आली आहे. आमच्या घरातली एकमेव मिरवण्यासारखी वस्तू म्हणजे कूलर. लोखंडी पत्र्याचा, तीन बाजूंना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या, आत पंखा, खाली पाण्याची टाकी. नागपुरात ज्या घरी कूलर त्या घरी तो भरणारं एक पोट्टं असतंच. आमच्या घरी ते मी. टाकीच्या बुडाशी पाणी सोडायचं भोक असे, त्यात चिंधी गुंडाळलेली लाकडी गुट्टी ठोकून बसवायची, मग बादल्या ओतत राहायचं. दुपारी झोपेतून उठून बाबा विचारायचे, "भरली का?" टाकी कोरडी सापडली तर त्या दिवशी माझी काही खैर नसे. तेव्हा टाकी दिसली की गुट्टी मारायची आणि भरायची, हे माझ्या हातात इतकं मुरलं होतं की झोपेतही करून आलो असतो. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. थोडंसं बचाव म्हणूनही सांगतो.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता बाबांनी टाकीकडं बघून जाहीर केलं की ही गंजली, आता गळेल. नवी टाकी बनवून घेतली. जुनी आंगणात भिंतीला टेकून पडली, भंगारवाल्याची वाट बघत.

आणि दिवाळी उरकल्यावर आत्या आली. बाबांची मोठी बहीण. रामटेकच्या पुढं तिचं गाव, घरचं धान, मामाजी, म्हणजे तिचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि शेती मुलगा बघायचा, नामदेवदादा. त्यानं म्हातारी झालेली बैलजोडी आईला न विचारता विकली. आत्या त्याच दिवशी निघाली. सोबत एका थैलीत तांदूळ, दुसरीत दोन लुगडी, कमरेला तपकिरीची डबी. "बैल गेले त गेले," ती बाबांना म्हणाली, "म्हातारे होते. पण मले इचारलं काहून नाही त्यानं? मी का मेलो होतो?" आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, मी आलो, मी गेलो. लहानपणी मला वाटायचं रागावल्यावरच बोलतात. मग लक्षात आलं की आत्या नेहमीच थोडी रागावलेली असते.

ती भावाकडं आली खरी, पण तिचं मन रमेना. आयुष्यभर धानाच्या, म्हणजे भाताच्या, बांधीत वाकलेली बाई, तिला बसून खाणं म्हणजे शिक्षा. रोज सकाळी चहा बशीत ओतून फुर्र करून प्यायची आणि म्हणायची, "उद्या जातो." बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "कायची घाई हाय, बाई." आमच्या घरात याहून जास्त आग्रह कुणी कुणाला कधी केलेला मी ऐकला नाही. राहा, जाऊ नका, तुमच्याशिवाय करमत नाही, अशी वाक्यं सिनेमात असतात, असं आमचं ठाम मत. मी स्वतः आजही मुलीला गाडीत बसवताना पाण्याची बाटली घेतली का एवढंच विचारतो, आणि गाडी सुटल्यावर प्लॅटफॉर्मवर उगाच उभा राहतो.

आईचं आणि आत्याचं तर तांदळावरून पहिल्याच दिवशी बिनसलं. आई अमरावतीकडची, तिच्या हिशेबी जेवण म्हणजे ज्वारीची भाकर आणि तर्रीदार भाजी. भात शेवटी दोन घास, ताट साफ करायला. आत्याच्या हिशेबी भात हेच जेवण, बाकी सगळं त्याला लावायला. "भाकरीनं पोट भरते वं सुमन," ती आईला म्हणायची, "पण जेवलो असं नाही वाटत." आई तवा जरा जोरात आपटायची. मग आत्या वांग्याच्या भाजीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, जास्त घालायची, आई तो वेचून बाजूला ठेवायची. पाटावर मी मधे बसलेलो, दोन्हीकडून वाढलेलं खात. माझी त्या हिवाळ्यात जी प्रकृती सुधारली ती या भांडणानं.

एके सकाळी आई टोपलीतले कोंब आलेले आलू घेऊन बाहेर निघाली, तर आत्यानं दारातच अडवलं.

"काय करून राहिली? फेकून राहिली काय?"

"कोंब आले बाई त्याले. कोण खाईन?"

"खाऊ नको. मातीत घाल. उकिरड्यावर कायले घालतं?"

"इथं माती कुठं आहे?" आईनं फरशीकडं बोट दाखवलं.

आत्यानं आंगणभर नजर फिरवली आणि ती कूलरच्या टाकीवर येऊन थांबली. त्या क्षणापासून ती वेगळीच बाई झाली. मला हाताशी धरून तिनं टाकी उन्हात आणली, गुट्टी उपटून फेकली, आणि भोकातून बोट घालून पाहिलं. "पाणी निंगून गेलं पाह्यजे," ती म्हणाली, "आलूले वल पाह्यजे, पाणी नाही पाह्यजे." हे वाक्य तिनं मला ऐकवलं होतं याला साक्षीदार आहेत. मग आमची ती चिकट काळी माती, समोरच्या बांधकामावरची वाळू, गवळ्याकडचं कुजलेलं शेण, सगळं तिनं हातानं कालवलं, पोळ्यांची कणीक मळावी तसं. कोंबाचा एकेक डोळा राखून आलू कापले, फोडी राखेत लोळवल्या, दिवसभर सावलीत सुकवल्या आणि अर्ध्याच भरलेल्या टाकीत लावल्या. अर्धीच का भरली, असं मी विचारलं. "थे वर येते तसतशी माती चढवाची. माती चढवली का अजून आलू धरते." त्या संध्याकाळी तिनं तपकिरीची चिमूट ओढली, पदर नाकाला लावला आणि बाबांना सांगितलं, "आलू निंगाले का जातो."

'उद्या'चा 'आलू निघेपर्यंत' झाला. बाबांनी पान उलटलं.

त्यानंतरचे महिने मला वासांनी आणि आवाजांनी आठवतात. सकाळी ऊन भिंतीवरून खाली उतरलं की आत्या टाकीशेजारी पोतं टाकून बसायची. गंगाकाकूंची शेळी भिंतीवर पाय ठेवून डोकावायची आणि आत्या "हाऽट" म्हणायची, अशा आवाजात की चौकातली माणसंही थांबावीत. बांगड्यांचा आवाज, तुरीच्या शेंगा शिजतानाचा वास, शेंगा सोलत सोलत आत्याच्या गोष्टी: कोणत्या बैलाला कोणती बाई आवडत नसे, नामदेव लहानपणी धानाच्या ढिगात कसा झोपून हरवला. नामदेवचं नाव आलं की ती शेंग जरा जोरात फोडायची. झाडं वाढली तशी तिनं माती चढवली, आणि वर मागच्या वर्षीच्या ताटीतली जुनी खस पांघरली, थंडी लागू नये म्हणून. पांढरी फुलं आली तेव्हा गंगाकाकू मुद्दाम पाहायला आल्या. आत्या म्हणाली, "फूल काय पाह्यता? माल खाली हाय." शाळेतून येताना मी गल्लीच्या तोंडापासून पळत यायचो. आत्या आहे की नाही ते बघायला नाही. शेंगा आहेत की संपल्या ते बघायला. असं मी तेव्हा सांगायचो.

आणि मग एक दिवस खालची पानं पिवळी पडली.

"आलं आता," आत्या म्हणाली. टाकीला पाणी बंद. "एक थेंब नाही घालाचा कोणी. साल पक्की झाली पाह्यजे." गावाकडचा कुणीतरी बाजाराला आला होता, त्याच्याकडं नामदेवदादाला निरोप गेला: येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी ये, आलू काढतो, मग येतो. त्याच संध्याकाळी भिंतीपाशी आई गंगाकाकूंना म्हणताना मी ऐकलं, "निंगतात एकदाचे आलू." त्या 'एकदाचे'वरून माझी खात्री झाली की या घरात आत्या जावी असं वाटणारं एक माणूस आहे आणि ते भाकरी करतं. तेव्हा जे काही करायचं ते मला एकट्यालाच करावं लागणार होतं.

माझा विचार साधा होता, आणि आजही मला तो चुकीचा वाटत नाही, फक्त वनस्पतीला तो कळला नाही. पानं पिवळी पडली की आलू निघणार. आलू निघाले की आत्या जाणार. पिवळं कशानं पडतं? पाण्यावाचून. मग पाणी घाला. दुपारी आत्या गंगाकाकूंकडं जायची तेव्हा मी शाळेतून येऊन आंगणात गेलो, कोपऱ्यातली गुट्टी शोधली, चिंधी नीट गुंडाळली आणि दगडानं ठोकून भोकात बसवली. इतकी घट्ट मी आयुष्यात कुठली गोष्ट बसवली नसेल. मग रोज एक तांब्या. खसखाली. वरून काही कळायचं नाही.

कळायचं नाही म्हणजे दिसायचं नाही. ओल्या खसचा वास मात्र लपत नाही, हे नागपूरच्या माणसाला मी सांगायला नको. ऐन थंडीत, स्वेटर घालून बसलेल्या आमच्या घरात उन्हाळ्याचा वास दरवळू लागला. बाबा पाळीवरून आले आणि उंबऱ्यात थबकले.

"खसचा वास कुठून येऊन राहिला?"

मी मान ताटात घातली. आई चुलीकडं तोंड करून म्हणाली, "ताट्या ठेवल्या आहेत ना माळ्यावर. त्याचाच असंन." बाबा "हं" म्हणाले आणि जेवायला बसले. आत्याचा प्रश्न नव्हता. तपकिरीनं तिच्या नाकाचं काम केव्हाच बंद केलं होतं. आईच्या भोळेपणाचं मला हसू आलं. त्या दिवसांत ती सकाळ-संध्याकाळ भात लावत होती हेही मी पाहिलं, आणि वाटलं, पाहुणी जाणार म्हणून आता लाड करून राहिली. झाडं तर पिवळी होतच गेली. पण एका बुंध्याशी मला एक हिरवा फुटवा दिसला आणि मी स्वतःची पाठ थोपटली.

रविवार आला. बाबांना सुट्टी. नामदेवदादा मोटारसायकलवर आला, सोबत रिकामं पोतं. मायलेकांनी एकमेकांकडं नीटसं बघितलं नाही. त्यानं पोतं झटकलं, ती म्हणाली, "चहा घे." गंगाकाकू सूप घेऊन हजर, आपल्या वाट्याचं न्यायला. आत्यानं पदर खोचला, टाकीपुढं बसली, खस उचलली आणि तळहाताकडं बघितलं. तळहात ओला. तिनं हात मातीत घातला तो कोपरापर्यंत गेला, आणि म्हैस डबक्यातून उठावी तसा आवाज आला. मूठ बाहेर आली तेव्हा बोटांच्या फटींतून आलू पिठल्यासारखा गळत होता. वास असा सुटला की काकूंनी सूप तोंडापुढं धरलं.

"माय," नामदेवदादा म्हणाला, "हे काय काढून राहिली तू?"

आत्यानं हात झटकला. टाकीच्या बुडाशी चाचपलं. गुट्टी हाताला लागली तशी तिनं मान वळवली, आणि सगळ्यांनीच वळवली, कारण आमच्या घरात गुट्टी आणि मी हे एकच खातं होतं.

"कोणं लावली हे?"

"मी."

"काहून?"

"पानं पिवळी होऊन राहिली होती."

"पिवळी व्हालेच पाह्यजेत. पिवळी झाली का आलू काढतेत. हजार खेप सांगतलं तुले."

"म्हणूनच," मी म्हणालो.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मग दगडानं गुट्टी सैल करून उपटली. काळं पाणी भसकन निघालं, मोरीपर्यंत ओघळ गेला, आणि संपेचना. बाबा खाली वाकून ते लक्ष देऊन बघत होते. "म्हणजे टाकी गळत नव्हती," ते हळूच म्हणाले. "फुकट नवी घेतली."

"तू रोज किती पाणी घालत होता?" आत्यानं मला विचारलं.

"एक तांब्या."

"एका तांब्याचं नाही हे." तिनं ओघळात बोट बुडवून वर धरलं. त्या काळ्या पाण्यात मधून मधून पांढुरकी रेघ होती, आणि मातीवर तांदळाच्या कण्या चिकटलेल्या. आत्या धानाच्या देशातली बाई. ती आईकडं बघू लागली.

"तांदूळ धुतलेलं पाणी फेकून द्याचं जिवावर येते बाई," आई म्हणाली. "म्हणून टाकत होतो जराजरा."

"मोरी हाय ना थ्या जागी?"

"हाय," आई म्हणाली, आणि तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तो सारखाच होता.

मी आईकडं बघत होतो आणि मला तो दोन्ही वेळचा भात आठवत होता. काकूंना काहीतरी उमगलं असावं, कारण त्या सूप घेऊन न सांगता निघून गेल्या, जे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

आत्यानं सगळी टाकी उलथवून चाचपली. कडेला, वरच्या थरात, बोराएवढे काही आलू बचावले होते. ते धुतले, आईनं उकडले, आणि आम्ही पाच जणांनी मिठासोबत सालीसकट खाल्ले. त्यांची साल पक्की झाली नव्हती, जिभेनंही निघायची. त्यानंतर मी खूप ठिकाणी खूप महागाचे आलू खाल्ले. आता आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या बादल्यांत दर हिवाळ्यात लावतोही. बुडाला इतकी भोकं पाडतो की बायको म्हणते, चाळणीच लाव ना सरळ. बरे येतात. पण ती चव ही नाही.

नामदेवदादा उठला. रिकामं पोतं हातात तसंच. "चाल मंग, माय," तो खाली बघत म्हणाला. "बैलं मी तुले इचारून विकाले पाह्यजे होती."

आत्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिनं त्याच्या खांद्यावरचा धुळीचा डाग झटकला. "मी काय म्हटलं होतं? आलू निंगाले का येतो. निंगाले काय?"

"नाही."

"मंग? मिरगाच्या आंधी ये न्याले. परे भराचे हायेत, तवा येतो." परे म्हणजे धानाची रोपवाटिका, ती दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

"घरी काय सांगू?"

"सांग, सडले."

तो हसला. आला तेव्हापासून पहिल्यांदाच. बाबा मोटारसायकलपर्यंत पोचवायला गेले, आई आत जाऊन तांदूळ निवडायला बसली, आणि आंगणात मी, आत्या आणि तो वास एवढेच उरलो. "इकडं ये," ती म्हणाली. मी गाल पुढं करूनच गेलो, चापट कुठं बसणार याचा अंदाज होता मला. तिनं माझे चिखलाचे हात नळाखाली धरले, खसाखसा धुतले, आपल्या पदराला पुसले, आणि माझी हनुवटी वर करून विचारलं, "तुले राह्य म्हणाले काय झालं होतं रे पोट्ट्या? तोंडात आलू कोंबला होता काय?"